५० मिलिमीटरची प्राइम लेन्स : आठ महिन्यांच्या वापरानंतर

जानेवारीत मी एफ/१.८ अ‍ॅपर्चरची ५० मिलिमीटर प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स घेतली, ती केवळ मागचे सारे धूसर दिसावे या हौसेपायी. (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधले प्रकाश आत येण्याचे छिद्र; एफचा आकडा जितका लहान, तितके ते मोठे.) पहिल्या महिनाभरात प्रत्येक फोटो एफ/१.८ वरच काढला आणि त्यांतले निम्मे वाया गेले. माझ्या क्रॉप सेन्सरच्या (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एक मीटर अंतरावरून या अ‍ॅपर्चरला जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. त्यामुळे तर्री-पोह्याच्या प्लेटमधला शेव ठळक आणि तर्री मात्र धूसर, किंवा भाचीचे नाक स्पष्ट आणि डोळे अस्पष्ट, असे प्रकार वारंवार घडले. आता चेहऱ्यासाठी मी एफ/२.८ ते एफ/४ वापरतो आणि फोकसचा एकच बिंदू निवडून तो जवळच्या डोळ्यावर ठेवतो.

लेन्सची खरी किंमत वसूल झाली ती नागपूरच्या सीताबर्डीवर, दिवे लागल्यानंतर. कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स ५५ मिलिमीटरला एफ/५.६ च्या पलीकडे उघडत नसे. तिच्या तुलनेत ही जवळजवळ साडेनऊ पट प्रकाश आत घेते, म्हणून जिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० लागत होता तिथे ६४० पुरतो. मात्र हिला स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, नाही. हात हलल्याने फोटो अस्पष्ट येऊ नये म्हणून शटर १/८० सेकंदापेक्षा मंद करत नाही आणि चालत्या माणसांसाठी १/२५० ठेवतो. अंधुक गल्लीत ऑटोफोकस मागेपुढे चाचपडतो, ही तक्रार अजून कायम आहे.

मे महिन्यातली दुपार हा वेगळाच प्रश्न होता. दीक्षाभूमीच्या पांढऱ्या स्तूपासमोर, भर उन्हात एफ/१.८ साठी साधारण १/८००० चा शटर हवा असतो. माझा कॅमेरा १/४००० वर थांबतो, त्यामुळे फोटो पांढराफटक येई. एफ/८ केल्यावर उलटेच झाले : कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर सर्वत्र मध्यम राखाडी शोधतो, म्हणून शुभ्र स्तूप मळकट आला. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ केल्यावर, म्हणजे मीटरच्या हिशेबापेक्षा जास्त प्रकाश दिल्यावर, तो पुन्हा पांढरा दिसू लागला.

बांधणी प्लास्टिकची आणि हलकी आहे. त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. ताडोबासाठी मात्र हिचा विचार करू नये, कारण हिच्यात वाघ चौकटभर मावेल इतका तो जवळ आला, तर फोटो काढण्याचे भान कोणाला राहणार!

सर्वांत मोठी फजिती झाली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. क्रॉप सेन्सरमुळे ही लेन्स ७५ मिलिमीटरसारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावते. मागे सरकायला जागा असेल तर ठीक, पण मारबतीच्या, म्हणजे त्या दिवशी निघणाऱ्या भल्यामोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत गर्दी पाऊलभरही मागे सरकू देत नाही. पिवळी मारबत अगदी समोरून गेली आणि माझ्याकडे तिचा एक हात व अर्धा चेहरा एवढेच उरले. किट लेन्स १८ मिलिमीटरला सहज पुरली असती. ती मी विकायला काढली होती, ती जाहिरात त्याच संध्याकाळी मागे घेतली.