बोलेक्स, क्रास्नोगोर्स्क की सुपर ८ : काही महिन्यांच्या वापरानंतर

एकाच जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर शक्य तितक्या प्रकारचे चित्रण करता यावे, या हेतूने गेले काही महिने मी तीन कॅमेरे आलटूनपालटून वापरत आहे. स्विस बनावटीचा बोलेक्स एच-१६ रिफ्लेक्स, सोव्हिएत बनावटीचा क्रास्नोगोर्स्क-३ आणि कॅननचा १०१४ एक्सएल-एस असे हे तीन कॅमेरे होत. पहिले दोन १६ मिमी फिल्मचे आणि चावी दिलेल्या स्प्रिंगवर चालणारे आहेत, तर तिसरा सुपर ८, म्हणजे ८ मिमी रुंदीच्या कार्ट्रिजबंद फिल्मचा असून बॅटरीवर चालतो. निर्णय आधीच सांगून टाकतो : एकच ठेवायचा झाला, तर मी बोलेक्स ठेवीन, मात्र ज्याचे मुख्य काम कमी उजेडात वावरणारी माणसे टिपण्याचे आहे, त्याला मी तो सुचवणार नाही.

एच-१६ बाजारात आला १९३५ मध्ये आणि भिंगातून थेट पाहता येणारे रिफ्लेक्स मॉडेल १९५६ मध्ये. पूर्ण चावी दिल्यावर सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीने तो सुमारे २८ सेकंद चालतो. शंभर फुटी रीळ याच गतीने २ मिनिटे ४७ सेकंद पुरते, म्हणजे एका रिळात सहा वेळा चावी द्यावी लागते. २८ सेकंद ऐकायला अपुरे वाटतात, पण संकलनाच्या टेबलावर दहा सेकंदांहून लांब शॉट किती उरतात हे ज्याने त्याने पाहावे. अडचण येते ती सलग भाषण किंवा गायन टिपताना. तिथे चावीचा कॅमेरा नेऊच नये.

बोलेक्सची खरी कमाई म्हणजे फिल्म मागे नेण्याची सोय. स्प्रिंग मोकळी केली की हाताच्या दांडीने फिल्म उलट फिरवता येते आणि फ्रेम मोजणारा काटा प्रत्येक फ्रेमचा हिशेब ठेवतो. एका दृश्यातून दुसरे उमलवायचे असेल, तर पहिल्या शॉटच्या शेवटी शटरची तरफ सुमारे चाळीस फ्रेमांच्या काळात हळूहळू बंद करावी, आकडा टिपून ठेवावा, शटर बंद ठेवूनच तेवढी फिल्म मागे घ्यावी आणि नवा शॉट सुरू करताना तरफ त्याच संथपणे उघडावी. हात सावकाश आणि एकसारखा फिरला पाहिजे, एवढीच अट आहे. १२ ते ६४ फ्रेमची गती, एकेक फ्रेम घेण्याची सोय आणि तीन भिंगे बसणारी फिरती चकती, म्हणजे टरेट, यांची भर घातली, की फुलाच्या उमलण्यापासून पाण्याच्या संथ उसळीपर्यंत बरेच काही या एका पेटीत बसते.

भिंगातून थेट पाहण्याच्या सोयीची किंमत मात्र उजेडात मोजावी लागते. व्ह्यूफाइंडरसाठीचे प्रिझम येणाऱ्या प्रकाशाचा साधारण चौथा-पाचवा हिस्सा स्वतःकडे वळवते. म्हणून २४ फ्रेमला प्रत्यक्ष एक्स्पोजर १/६५ सेकंदाच्या आसपास असले, तरी उजेड मोजणाऱ्या हातातल्या मीटरवर १/८० धरावे लागते. याच प्रिझममुळे ५० मिमीपेक्षा कमी नाभीय अंतराची भिंगे आरएक्स जातीचीच, म्हणजे या प्रिझमसाठी बनवलेलीच असावीत. १६ मिमी कॅमेऱ्यांचे साधे सी-माउंट भिंग पूर्ण उघड्या छिद्राला मऊ चित्र देते. आणखी एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. चित्रण चालू असताना डोळा व्ह्यूफाइंडरपासून दूर न्यायचा असेल, तर त्याची झडप बंद करावी, नाहीतर मागून शिरणारा उजेड फिल्मवर पडू शकतो.

फिल्म भरणे मात्र सुखाचे आहे. सावलीत बसून आतल्याच कात्रीने फिल्मचे टोक कापायचे, वरच्या दातेरी चाकाशी धरायचे आणि बटण दाबायचे. फिल्म स्वतःच गेटमधून, म्हणजे भिंगामागच्या चौकटीतून जाते आणि खालून बाहेर येते.

क्रास्नोगोर्स्क-३ मध्ये प्रिझमऐवजी फिरता आरसा असल्यामुळे फिल्मच्या वाट्याचा उजेड घटत नाही. १७ ते ६९ मिमीचे मेटिओर झूम आणि १५० अंशांचे शटर (फिरत्या शटरचा उघडा भाग जितक्या अंशांचा, तितका उजेड जास्त) यांमुळे हातात धरून फिरण्यासाठी तो बोलेक्सपेक्षा सोयीचा वाटतो. त्यात फिल्म मागे नेता येत नाही, वेगाची मर्यादा ४८ फ्रेम आहे आणि आतल्या मीटरला लागणारा जुना पाऱ्याचा सेल आता बनत नाही, म्हणून वेगळा मीटर जवळ हवाच. फिल्मचा फास, म्हणजे गेटच्या वर-खाली लागणारे सैल वळण, आपोआप बनवणाऱ्या पट्ट्या अनेक जण ओरखडे टाळण्यासाठी काढून टाकतात आणि फास हाताने बनवतात. मीही तेच करतो. एम-४२ आट्यांची (स्क्रूसारखी फिरवून बसवायची) स्थिरचित्रणाची भिंगे यावर बसतात, पण ५० मिमीचे नेहमीचे भिंग इथे दूरचे दाखवणारे ठरते, हे विकत घेताना विसरू नये.

कॅननचा बाज निराळा आहे. कार्ट्रिज सरकवली, झाकण लावले आणि काम सुरू. २२० अंशांच्या शटरमुळे २४ फ्रेमला १/४० सेकंद एक्स्पोजर मिळते आणि ६.५ ते ६५ मिमीचे झूम एफ १.४ इतके उघडते, त्यामुळे घरातल्या दिव्यांत बोलेक्स बंद ठेवावा लागतो तेव्हा हा निवांत चालतो. पन्नास फुटी कार्ट्रिज २४ फ्रेमला अडीच मिनिटे पुरते. चौकट मात्र १६ मिमीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान असल्याने कमी उजेडासाठीच्या ५०० टी फिल्मवर कण ठळक दिसतात. चेहऱ्यांना ते शोभतात. दूरच्या डोंगरातला तपशील मात्र त्यात हरवतो. इलेक्ट्रॉनिक भाग बिघडल्यास सुटे भाग मिळणे दुरापास्त, ही या जातीच्या सगळ्याच कॅमेऱ्यांची जोखीम आहे. स्प्रिंगचा कॅमेरा जाणत्या कारागिराला उघडून दुरुस्त तरी करता येतो.

जुना १६ मिमी कॅमेरा घेण्यापूर्वी झाकण उघडून दातेरी चाके पाहावीत. सुरुवातीच्या काही कॅमेऱ्यांत दोन्ही बाजूंना दात असतात आणि त्यांना दोन्ही कडांना छिद्रे असलेलीच फिल्म लागते. आज मिळणारी बहुतेक फिल्म एकाच कडेला छिद्रे असलेली असते. त्यानंतर बाद झालेली फिल्म भरून पूर्ण चावीवर, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त गतीने कॅमेरा चालवावा आणि बाहेर आलेली फिल्म तिरप्या उजेडात धरून ओरखडे तपासावेत.