गणवेश पाहिला, बोटीवरचं नाव वाचलंच नाही

पैसे गेले त्याहून जास्त झोंबतं ते हे, की तपासणी अधिकारी बनून आलेल्या तोतयांची बोट बांधायला दोर मीच पुढे केला.

आमची 10 मीटरची शिडाची बोट, तिच्यावर मी आणि बायको. वारा पडलेला, किनारा समोर दिसत होता. मागून निळा दिवा लावलेली राखाडी स्पीडबोट आली. गणवेशातली तीन माणसं, भोंग्यावरून हुकूम: शिडं उतरवा, तपासणी आहे. लगेच उतरवली. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या आत त्या त्या देशाचा अंमल असतो, खऱ्या तपासणीला आडकाठी करणं हाच गुन्हा ठरू शकतो, एवढं मला माहीत होतं. तेवढंच नडलं.

दोघं वर चढले. एकाने नोंदणीचे मूळ कागद घेऊन सरळ काखेत धरले. दुसरा 'केबिन दाखवा' म्हणत बायकोच्या मागे खाली उतरला. तिला त्याने पुढच्या टोकाला लाइफजॅकेटं मोजायला बसवलं. तिची पाठ वळलेली, मी वर डेकवर, आणि खणांपाशी तो एकटा.

मग फ्लेअरचा डबा निघाला. संकटात पेटवायच्या या नळकांड्यांवर मुदत छापलेली असते, साधारण 3 वर्षांची. आमची कधीच उलटून गेली होती. चूक खरीच माझी, त्यामुळे माझा आवाज बसला. त्यानंतर तो काय वाटेल ते बोलला असता तरी मी मान डोलावली असती. 'कचरा समुद्रात टाकू नये' ही पाटी कुठाय, असं त्याने दरडावलं. जहाजांमुळे होणाऱ्या प्रदूषणाविरुद्धच्या मारपोल करारातला हा पाटीचा नियम 12 मीटर आणि त्याहून लांब जहाजांसाठी आहे, हे मी घरी आल्यावर वाचलं! दंड रोख, आत्ताच, नाहीतर बोट जप्त. दिला. पावती 'कार्यालयात मिळेल'. कुठलं कार्यालय, हेही विचारलं नाही. संध्याकाळी लक्षात आलं, खणातली उरलेली रोकड आणि हातात धरायचा जीपीएसही गेला होता.

तक्रार नोंदवून घेणाऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, "त्यांच्या बोटीवर काय लिहिलं होतं?" मला सांगता येईना. बुटांचा रंग आठवत होता, बोटीचं नाव नाही. 1982 च्या सागरी कायद्याच्या करारात खुल्या समुद्रातल्या तपासणीबद्दल मुद्दाम म्हटलंय की सरकारी जहाज खुणांवरून स्पष्ट ओळखू यायला हवं. ती राखाडी बोट कोरी होती, असं बायको म्हणते.

आता कोणी जवळ आलं की दोर द्यायच्या आधी मी नाव मोठ्याने वाचतो आणि रेडिओच्या चॅनल 16 वरून किनाऱ्यावरच्या केंद्राला विचारतो, ही तुमचीच का. जवळ आलेल्यांनी दिलेल्या नंबरवर मुळीच नाही. मूळ कागद हातातच धरून दाखवतो. आणि खाली एक माणूस उतरला तर आमच्यातला एक त्याच्या शेजारीच उभा राहतो, मग कोणाला ते उद्धट वाटलं तरी चालेल.

मध्यंतरी खरी तपासणी झाली. मी रेडिओ उचललेला पाहून त्यांचा अधिकारी म्हणाला, "विचारा विचारा, आम्ही थांबतो." ते थांबले, बोट आमच्यापासून लांब ठेवून. फ्लेअर त्यांनीही पाहिले. या वेळी नवे होते.