पॅनल बदलल्याचे ४,२०० रुपये घेतले, हिरवा ठिपका मात्र जागच्या जागी

आमच्या घरचा कॉम्प्युटर २०१० साली घेतलेला. आंब्याच्या पेट्या कुणाला किती गेल्या, वाशीच्या दलालाकडून काय पट्टी आली, गड्यांना किती मजुरी दिली, हे सगळं बाबा त्यातच लिहितात. वही त्यांनी कधीच बंद केली. त्यामुळे गेल्या वर्षी गणपती गेल्यावर स्क्रीन बिघडला तेव्हा घरात खरीच काळजी पसरली. बटण दाबलं की दोन सेकंद सगळं स्वच्छ दिसायचं आणि मग काळोख. पॉवरचा दिवा चालूच. आमचं घर देवगड तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खारं वारं आणि चार महिन्यांची ओल यांनी इथे लोखंडी कडी टिकत नाही, तिथे मॉनिटर चौदा वर्षं टिकला हेच खूप, असं मला वाटलं.

दुरुस्त करावा की नवा घ्यावा, एवढाच प्रश्न होता. साधा नवा मॉनिटर सहा-साडेसहा हजारांना मिळत होता. मी मॉनिटर गाडीवर बांधून दुकानात नेला. दुकानाचं नाव इथे देत नाही. मेकॅनिकने प्लग लावला, दोन सेकंद बघितलं आणि म्हणाला, "पॅनल गेलो हा. नवीन घालूक व्हयो. चार हजार दोनशे." पॅनल म्हणजे चित्र दाखवणारा पुढचा पडदा. मी म्हटलं, मग नवा मॉनिटरच घेतो ना. त्यावर तो म्हणाला की तुमचा कॉम्प्युटर जुना आहे, आताचे मॉनिटर त्याला चालत नाहीत, घ्यायचं तर सगळाच सेट घ्या, पस्तीस हजार होतील.

मी फसलो तो या वाक्याने. पस्तीस हजार ऐकल्यावर चार हजार दोनशे स्वस्तच वाटले. खरं तर डेस्कटॉपचा मॉनिटर ही कॉम्प्युटरपासून वेगळी वस्तू. निळ्या टोकाची, पंधरा पिनांची व्हीजीए केबल आजही बऱ्याच साध्या मॉनिटरना लागते. ज्यांना फक्त एचडीएमआय आहे त्यांच्यासाठी काही शे रुपयांत कन्व्हर्टर मिळतो. जुन्या कॉम्प्युटरला नवा मॉनिटर चालत नाही ही थाप होती. शेजाऱ्यांचा मॉनिटर एक दिवस आणून लावून बघितला असता तरी कळलं असतं. तेवढंही मी केलं नाही.

तीन आठवड्यांनी मॉनिटर मिळाला. जुनं पॅनल मागितलं तर "तो कंपनीक परत पाठवूचो लागता" असं उत्तर. बिल नाही. पैसे मी यूपीआयने दिले आणि "पॅनल बदलले, ४२००" असा त्याचा व्हॉट्सॲपवरचा मेसेज माझ्याकडे राहिला. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, पण पुढे तोच एक कागद उपयोगी पडला.

घरी आणून लावला. बाबा खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि मला हाक मारली. "हो बघ, हिरवो ठिपको हयच आसा."

आमच्या स्क्रीनच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात कित्येक वर्षांपासून एक हिरवा ठिपका अडकलेला आहे. मोहरीच्या दाण्याहून लहान. असा अडकलेला पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक बारीक कण, पॅनलमध्येच असतो. पॅनल बदललं की तो त्याच्याबरोबर जातो. नव्या पॅनलवर नेमक्या त्याच जागी, त्याच रंगाचा ठिपका कसा येईल? मी फोन केला. तो म्हणाला, नवीन पॅनलवर पण असे ठिपके येतात. मी गप्प बसलो, कारण स्क्रीन चालू होता. बारा दिवसांनी तो पुन्हा काळा पडला आणि दुकानदाराने फोन उचलणं बंद केलं.

आमच्या वाडीतला एक मुलगा मालवणच्या तंत्रनिकेतनात शिकतो. त्याने काळ्या पडलेल्या स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरला आणि मला जवळ बोलावलं. अंधुक का होईना, आमची आंब्याची फाइल आत दिसत होती. म्हणजे पॅनल चित्र दाखवत होतं, मागचा उजेड तेवढा बंद पडत होता. अशा वेळी दोष बहुधा वीज पुरवणाऱ्या पॉवर बोर्डात किंवा मागून उजेड देणाऱ्या बॅकलाइटमध्ये असतो, असं त्याने सांगितलं. मग त्याने मागचं झाकण काढलं. पॉवर बोर्डवरचे दोन कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, नवे, वेगळ्या रंगाचे. बाकीच्यांपैकी तिघांची डोकी फुगलेली, म्हणजे ते बिघडलेले. पॅनल ज्या स्क्रूंनी चौकटीला धरलं होतं ते गंजून जाम झाले होते, स्क्रूड्रायव्हर कुणी लावल्याची खूणसुद्धा नव्हती. पॅनलच्या पाठीवरच्या स्टिकरवर साल २०१०. ज्या खाऱ्या हवेला मी दोष देत होतो, तिच्याच गंजाने पॅनल कुणी सोडवलंच नव्हतं हे दाखवून दिलं.

तिन्ही कपॅसिटर बदलायला शंभर रुपयेही लागले नाहीत. मुलाने मजुरी घेतली नाही, आईने त्याच्या घरी आगळाची बाटली पाठवली. स्क्रीन तेव्हापासून चालू आहे. पण हे बघून कुणी घरी मॉनिटर उघडायला बसू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जोरदार शॉक बसेल एवढी वीज राहू शकते, आणि जुन्या मॉनिटरच्या बॅकलाइटला कित्येकशे व्होल्ट लागतात. टॉर्चची परीक्षा मात्र कुणालाही करता येते. ती घरीच करा आणि मग दुकानात जा. सुट्या भागाचं नाव आणि किंमत लिहून घ्या. जुना भाग परत हवा हे काम देतानाच सांगा, नंतर नव्हे. मॉनिटर देण्याआधी स्क्रीनवरच्या ठिपक्यांचे, ओरखड्यांचे जवळून फोटो काढून ठेवा.

मी गंजलेल्या स्क्रूंचे, स्टिकरचे आणि ठिपक्याचे फोटो त्याच्या मेसेजसह त्याला पाठवले. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला आणि तेही त्याला कळवलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं शुल्क नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, हे मला तेव्हाच कळलं. आठवड्याने अडीच हजार परत आले. उरलेल्या सतराशेसाठी "बघूया" म्हणतो. मी सोडणार नाही.

हे वाडीत समजल्यावर शाळेतल्या एक बाई त्यांचा मॉनिटर घेऊन आल्या. त्याच दुकानात, उन्हाळ्यात, "पॅनल बदललं" म्हणून त्यांनी साडेचार हजार दिले होते. त्यांच्या स्क्रीनवर ठिपका नव्हता, म्हणून त्यांना संशयही आला नव्हता. मुलाने झाकण काढलं. त्यांच्याही चौकटीचे स्क्रू तसेच गंजलेले होते. बाईंनी उभ्या उभ्याच फोटो काढले आणि माझ्याकडून १९१५ नंबर लिहून घेतला.