सीटीआरआय : यकृताच्या कर्करोगावरची फेज १ चाचणी शोधताना

क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया (सीटीआरआय) ही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) वैद्यकीय चाचण्यांची ऑनलाइन नोंदवही २००७ पासून चालू आहे. एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण दाखल होण्याआधीच चाचणीची नोंद करावी लागते. शोधायला पैसे लागत नाहीत. नोंदी मात्र इंग्रजीत असतात.

नुसतं ‘लिव्हर कॅन्सर’ टाकून थांबू नका. ‘हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा’ (यकृताच्या पेशींतून होणारा कर्करोग) टाका, मग ‘ॲडव्हान्स्ड सॉलिड ट्यूमर’ (बळावलेली, गाठीच्या रूपातली कर्करोगं). फेज १ च्या, म्हणजे नवं औषध माणसांवर तपासण्याच्या पहिल्या टप्प्यातल्या, बऱ्याच चाचण्यांत अनेक कर्करोग एकत्र असतात, यकृताचं नाव शीर्षकात येतच नाही. शोधात आयुर्वेदाच्या आणि पदव्युत्तर प्रबंधांच्या नोंदीही येतात. त्या वगळत बसणं कंटाळवाणं आहे.

नोंद उघडली की आधी पात्रतेचे निकष वाचा. या आजारात गाठीइतकंच महत्त्व उरलेल्या यकृताला आहे. बहुतेक ठिकाणी चाइल्ड-प्यू (यकृत किती काम करतं याची श्रेणी) ए, म्हणजे ५ किंवा ६ गुण, आणि ईसीओजी (रुग्ण रोजची कामं किती करू शकतो याचं माप) ० किंवा १ मागतात. पोटात पाणी झालेला किंवा बिलिरुबिन (काविळीत वाढणारं रक्तातलं द्रव्य) वाढलेला रुग्ण इथेच गळतो. यकृत आधीच ढासळत असेल तर त्रास औषधाचा की सिरॉसिसचा (यकृत कडक, निकामी होण्याचा), हे ठरवता येत नाही, आणि फेज १ चा मुख्य प्रश्नच तो असतो : किती डोस झेपतो? म्हणून सुरुवातीचे रुग्ण अगदी कमी डोसवर असतात. बरं होण्याची हमी इथे कुणी देत नाही.

हिपॅटायटिस बी असेल तर विषाणूविरोधी गोळ्या आधीपासून चालू लागतात. रक्तवाहिन्यांवर काम करणारं औषध असेल तर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एंडोस्कोपी मागू शकतात. आधीचं औषध थांबवून बहुधा २ ते ४ आठवडे थांबावं लागतं. तेवढ्यात यकृत बिघडून पात्रता जाऊ शकते. त्यामुळे औषध बंद करण्याआधीच केंद्राशी बोला.

खरी कमजोरी ‘रिक्रूटमेंट स्टेटस’ची. भरतीची ही स्थिती चाचणी चालवणाऱ्यांनीच बदलायची असते, म्हणून ‘ओपन’ दिसलं तरी जागा असेलच असं नाही. केंद्रांच्या यादीखाली एथिक्स कमिटीचा (चाचणीला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीचा) रकाना बघा : ‘अंडर रिव्ह्यू’ असेल तर त्या केंद्रावर अजून भरती नाही. ‘सेकंडरी आयडी’त ‘एनसीटी’ने सुरू होणारा क्रमांक असेल तर तो अमेरिकेच्या नोंदवहीत (ClinicalTrials.gov) टाका. तिथले फेज आणि देशाचे फिल्टर कितीतरी सोयीचे आहेत.

सीटीआरआयची जमेची बाजू म्हणजे प्रत्येक केंद्राच्या प्रमुख संशोधकाचा फोन आणि ईमेल. फोन करताना ताजं बिलिरुबिन, अल्ब्युमिन (यकृतात तयार होणारं प्रथिन), आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), प्लेटलेट आणि ट्रायफेजिक सीटीचा (औषध टोचून तीन टप्प्यांत काढलेल्या यकृताच्या सीटीचा) रिपोर्ट समोर ठेवा.