काँक्रीटच्या पैशात कडप्पा: ओटा करून घेणाऱ्यांनी वाचा

काँक्रीटच्या ओट्याचं खूळ आता सांगली-मिरजेतही पोचलंय. ओटा दिसतो छान, नीट केला तर टिकतोही, त्यामुळं माझं भांडण काँक्रीटशी नाही. काँक्रीटचे पैसे घेऊन सिमेंटचा गिलावा थापणाऱ्या एका ठेकेदाराशी आहे. प्रकरण ग्राहक आयोगात आहे म्हणून नाव लिहीत नाही, पण त्याची रीत सांगते, म्हणजे तुमच्या दारात आली तर ओळखू येईल.

विश्रामबागच्या आमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर नवं करायचं होतं. फर्निचरवाल्याच्या ओळखीनं हा गृहस्थ आला. सोबत वीतभर नमुना. त्यावर माझ्यासमोर लिंबू पिळलं, तेल ओतलं, चहा होईपर्यंत तसंच ठेवलं आणि फडक्यानं पुसून दाखवलं. डाग नाही. नमुना अस्सल होता, फसवणूक त्यात नव्हतीच. ठरलं ते असं: दोन इंच जाड सलग काँक्रीट, आत जाळी, त्याच्या शेडवर ओतून २८ दिवस क्युरिंग, म्हणजे ओलं ठेवून पक्कं होऊ देणं, वरून अन्नाला चालणारं सीलर, म्हणजे डाग मुरू नयेत म्हणून लावायचं द्रावण. सत्तर टक्के आधी. "वहिनी, साचा तुमच्या मापाचा बनतो, उद्या तुम्ही नको म्हणालात तर मी तो कुणाच्या गळ्यात बांधू?" पक्कं बिल मागितलं तर "कशाला १८ टक्के सरकारला घालवताय" सुरू. यांनी तरीही दरपत्रकावर जाडी आणि जाळी लिहून सही घेतली, पैसे फोनवरून पाठवले. आज सगळी भिस्त त्या कागदावर आहे.

फळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आल्या. सहा फुटी फळी दोन पोरांनी जिन्यावरून वर आणली. आता हिशेब बघा. काँक्रीट घनमीटरला साधारण २४०० किलो भरतं. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन इंच जाड फळी म्हणजे एकशे पस्तीस किलोच्या आसपास. दोघांनी ती वळणावळणाच्या जिन्यावरून आणायची म्हणजे दमछाकच, आणि ही पोरं तर वर येऊन गप्पा मारत होती. नंतर विचारलं तेव्हा म्हणे फायबरचं काँक्रीट आहे, हलकंच असतं. काचतंतूंचं काँक्रीट खरंच असतं, पाऊण-एक इंचातही जमतं, पण मग दरपत्रकात दोन इंच सलग कशाला लिहिलं?

खरं उघडं पाडलं ते हळदीनं. पोहे करताना चिमूटभर ओल्या ओट्यावर सांडली, पुसली, आणि पिवळ्याऐवजी लालभडक डाग उमटला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ओट्यावर कुंकू कुणी सांडलं?" त्यांचं बरोबरच होतं. हळदीत चुना घातला की लाल होते, कुंकू पूर्वी असंच करत. सिमेंटमध्येही चुन्याचाच गुण. म्हणजे हळद थेट सिमेंटला भिडली होती, मध्ये सीलर नव्हतंच. नुसतं मेण चोळून चकाकी आणलेली. ज्या सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथं ही लबाडी हळदीपासून लपेल असं त्याला वाटलं तरी कसं!

फोन केला तर, "नवीन काँक्रीट रंग बदलतंच, वहिनी. महिनाभर थांबा." तेवढ्यात चिंचेच्या कोळाच्या वाटीखाली पांढुरकं कडं उमटलं, बोट फिरवलं तर खरखरीत. आंबट पदार्थ सिमेंट खातात. इथं त्याच्या बाजूनंही एक सांगायला हवं: आत मुरणारं सीलर असलं तरी ते पाणी आणि तेल अडवतं, आंबटाला पुरतं अडवत नाही. वर थर धरणारं सीलर आंबट अडवतं, पण त्यावर गरम कुकर टेकवला की उमटतो. चांगल्या कारागिरानं हे आधीच सांगायला पाहिजे.

मग सिंकच्या कोपऱ्याला चीर गेली. नळवाले काका खाली घुसून बॅटरी मारून बघतात तर काय, कापलेल्या कडेला काळा कडप्पा, त्याच्यावर बोटभरसुद्धा नाही इतका करडा थर. पुढच्या बाजूला सिमेंटची दोन इंची पट्टी चिकटवून जाडी दाखवलेली. काकांनी पान्याचा हलका ठोका दिला आणि पट्टीचा हातभर तुकडा फरशीवर आला. जाळी नावालाही नाही.

तर फळी बसवण्याआधीच सिंकच्या भोकाची कड बघा, तिथं आतलं सगळं दिसतं. पट्टी चिकटवायला जागा मिळते ती दर्शनी बाजूला, भोकात कुणी सहसा चिकटवत नाही. ओट्यावर चमचाभर पाणी सांडून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. खाली गडद डाग दिसला तर सीलर नाही किंवा नावापुरतं आहे. रुपयाच्या नाण्यानं जागोजागी वाजवा, गिलावा सुटलेला असेल तिथं पोकळ आवाज येतो. ओतलेल्या दिवशी शेडवर जाऊन या. "पत्ता सापडायचा नाही, मीच फोटो पाठवतो" असं आम्हाला ऐकवलं होतं. आणि शेवटचा हप्ता हळद-लिंबू लावून बघेपर्यंत हातात ठेवा, त्याला राग आला तर येऊ दे.

फसलाच असाल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. ठेकेदार परगावचा असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. वकील केलाच पाहिजे असंही नाही. आम्ही तुटलेली पट्टी, दरपत्रक आणि फोनवरच्या पैशांच्या नोंदी जोडल्यात. नोटीस गेल्यावर त्यानं निम्मे पैसे परत करायची तयारी दाखवली, आम्ही नाही म्हटलं.

तो अजून कामं घेतोय, आणि नमुना म्हणून आमच्याच ओट्याचा फोटो दाखवतोय, पहिल्या दिवशी काढलेला. खिडकीखाली करडा ओटा, पितळी नळ, शेजारी हिरवी बरणी. तो तुमच्यासमोर आला तर त्या घरी घेऊन चल म्हणा.