मणीमाळ की काड्यांचे गठ्ठे?

मैत्रिणीची लेक दुसरीत आहे. ४७ सांगितले की ७४ लिहिते. 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी येतो, मग मुलं गोंधळणारच! तिला मणीमाळ द्यावी की काड्या?

खर्च दोन्हींचा किरकोळ. शंभर मणी, दहा-दहा आलटून-पालटून दोन रंगांत ओवायला एक संध्याकाळ जाते, पण माळ टिकते. खराट्याच्या काड्या फुकट, मात्र मोडतात, हरवतात.

खरा फरक हाताला कळतो. मूल स्वतः दहा काड्या मोजून रबर लावतं: ४ गठ्ठे, ७ सुट्या. हातच्याच्या वजाबाकीत तोच गठ्ठा सोडतं. माळेत दशक सुटत नाही. पण एकोणचाळीसनंतर काय, हे माळेवर झटकन दिसतं.

दशक-एकक चुकत असेल तर काड्या, मोजताना आकडे गळत असतील तर माळ. या पोरीला मी काड्याच दिल्या.