मंद केंद्रासाठी स्पिट्झर की वेब?

जांबोटीच्या बाजूला एप्रिल-मेच्या रात्री छोट्या दुर्बिणीतून सोम्ब्रेरो दीर्घिका, म्हणजे एम १०४, धुरकट ठिपक्यासारखी दिसते. तिच्या पोटातलं महाकाय कृष्णविवर मात्र अर्धपोटी, त्यात फारसं काही पडत नाही, म्हणून केंद्र मंद; आसपासचे तारेच त्याच्यापेक्षा जास्त झळकतात. बेळगावातल्या बीएस्सीच्या पोराला यावर प्रकल्प करायचा, तर अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या पलीकडच्या, प्रकाशाची विदा (निरीक्षणांची माहिती) स्पिट्झर आणि वेब या अवकाश दुर्बिणींपैकी कुणाची घ्यावी?

वेबची, असंच सगळे म्हणतील. तिचा आरसा ६.५ मीटरचा, स्पिट्झरचा जेमतेम ८५ सेंटिमीटरचा. १० मायक्रॉन तरंगलांबीला स्पिट्झर साधारण ३ विकलांचं (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) अंतर सुटं दाखवायची, वेब ०.४ विकलांचं दाखवते. सुमारे ३ कोटी प्रकाशवर्षांवर याचा अर्थ ४३० विरुद्ध ५५ प्रकाशवर्षं! स्पिट्झरच्या वर्णपटात (तरंगलांबीनुसार केलेल्या प्रकाशाच्या फोडीत) केंद्र, तारे आणि धूळ यांची खिचडी होणारच.

तरी हात बसेपर्यंत मी स्पिट्झरच सुचवेन. तिचा वर्णपटमापक ३८ मायक्रॉनपर्यंत जायचा, वेब २८च्या आसपास थांबते. २००९ मध्ये थंडाव्याचं हेलियम संपलं आणि तो बंद पडला, पण तोवरची विदा फुकट मिळते आणि साध्या लॅपटॉपवर उघडते. खानापुरात पावसाळाभर आभाळ उघडत नाही, तेव्हा करायला हे बरं. निव्वळ केंद्राचाच उजेड वेगळा काढायचा असेल, तर मात्र वेबला पर्याय नाही.